'देशाचे दुश्मन' : प्रतिवादाची भाषा

दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकमान्य टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्याचे लक्ष्य होते. चिपळूणकर १८८२ मध्ये, तर टिळक १९२० मध्ये निवर्तले होते. हल्ला त्यामुळे हयात प्रतिस्पर्ध्यांवर नव्हता, त्यांच्या वारशावर होता. पुण्याच्या मंडईत १९२४ मध्ये टिळकांचा पुतळा उभा राहिला. महात्मा फुले यांच्या पुतळ्याच्या केशवराव जेधे यांनी मांडलेल्या प्रस्तावाला मात्र नगरपालिकेत विरोध झाला. 'देश' नेमका कोणाचा, हा शीर्षकात दडलेला प्रश्न या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

पुस्तकाच्या शिवराळपणावर आक्षेप घेतला जातो व तो निराधार नाही. परंतु 'निबंधमाले'त चिपळूणकरांनी फुल्यांची केलेली हेटाळणी कमी बोचरी नव्हती. तिला 'शैली' म्हणायचे आणि जवळकरांच्या भाषेला असभ्यता, हा न्याय एकांगी आहे. जवळकरांची खरी उणीव निराळी आहे : व्यक्तिनिंदेच्या भरात सत्यशोधक विचारातील शेतकरी, शिक्षण व धर्मसत्ता यांविषयीची मांडणी मागे पडते. विरोधकांना न्यायालयाचा मार्गही या निंदेनेच खुला केला. बदनामीच्या खटल्यात लेखक जवळकर व प्रकाशक जेधे यांच्यासह चौघांना शिक्षा झाली. अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाजू मांडली आणि १९२६ मध्ये सर्वांची सुटका झाली. जेधे पुढे काँग्रेसमध्ये गेले. जवळकरांचे १९३२ मध्ये अकाली निधन झाले.