वडिलांचीच वाटणी

ड्रॅगन म्हटला की तोंडातून जाळ काढणारा, राजकन्या पळवणारा आणि शेवटच्या पानावर एखाद्या राजपुत्राच्या भाल्याला बळी पडणारा प्राणी आपल्या डोळ्यांसमोर येतो. त्याला बायको आहे का, मुली उजवायच्या राहिल्यात का, जावई कसा निघाला, असल्या चौकशा करायला कुणाला सवड नव्हती. ती जो वॉल्टन या बाईंना मिळाली. बाई मूळच्या वेल्सच्या, राहतात कॅनडात. त्यांची 'टूथ अँड क्लॉ' ही कादंबरी २००३ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला.

या कादंबरीतली सगळी मंडळी ड्रॅगन आहेत. ती टोप्या घालतात, चर्चला जातात, सोन्याच्या ढिगावर झोपतात आणि दुसऱ्याच्या घरातल्या भानगडी चवीनं चघळतात. थोडक्यात, आपल्यासारखीच. फरक एवढाच, की ती एकमेकांना खातातही, आणि ते अलंकारिक अर्थानं नव्हे!

बाईंनी कथेचा साचा उचलला आहे अँथनी ट्रॉलपच्या 'फ्रॅम्ली पार्सनेज'वरून. ही कादंबरी १८६०-६१ साली मासिकातून क्रमशः आली होती. ट्रॉलप टपाल खात्यात नोकरी करून कादंबऱ्या पाडत असे, त्यामुळे त्याच्याविषयी मला व्यवसायबंधूचं प्रेम आहे. त्या काळच्या कादंबऱ्यांत बायका नाजूक, शीलाला काचेपेक्षा जपणाऱ्या आणि लग्नाखेरीज दुसरी वाट नसलेल्या. बाईंनी विचार केला, की या समजुती म्हणजे निसर्गाचे नियमच असते तर? माणसांत ते जमेना, म्हणून त्यांनी ड्रॅगन घेतले.

आता बघा. लग्नाआधी ड्रॅगनकन्या सोनेरी असते. परका नर अंगाला अंग लागेल इतका जवळ आला, की ती गुलाबी होते. एकदा झालेली गुलाबी पुन्हा सोनेरी होत नाही. आपल्याकडे हळद लागली की लग्न, त्यांच्याकडे हळद उतरली की लग्न! ते ठरलेलं नसलं, तर पोरगी जन्मातून उठली. शेजारणींना कुजबुजायचेही कष्ट नाहीत, नुसतं बघितलं तरी पुरे.

सेलेंड्रा या नायिकेवर हेच संकट येतं. फ्रेल्ट नावाचा एक आगाऊ धर्मोपदेशक मागणी घालता घालता तिच्या अंगाशी येतो. तिला तो मुळीच नको असतो, पण अंग मेलं ऐकत नाही! घरातली जुनी मोलकरीण काढा देऊन तिचा रंग परत आणते खरी, पण आता ही जिथं व्हायला हवी तिथंही गुलाबी झाली नाही तर, हा घोर लागतो. विनोदी कादंबरीतलं हे प्रकरण वाचताना मला हसू आलं नाही.

दुसरा विषय वारसाचा. ड्रॅगनचं मांस खाल्ल्याशिवाय ड्रॅगन वाढत नाही. म्हणून वडील वारले की मुलंबाळं वडिलांनाच वाटून खातात. बॉन ॲगॉर्निन मरताना सांगतो, की ज्यांचं बस्तान बसलंय त्यांनी एकेक घास घ्यावा, बाकीचा धाकट्या तिघांना. त्यांत दोन मुली लग्नाच्या आहेत. पण थोरला जावई डॅव्हरॅक म्हणतो, ती इच्छा सोन्यापुरती होती, देहापुरती नव्हती, आणि वाटणीला बसतो. खटला कोर्टात जातो.

मयताच्या ठेवींचे दावे मी काउंटरवर बरेच पाहिले आहेत. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क १९९४ साली मिळाला. तरी बहीण भावामागून येते, 'सही कुठं करू?' एवढंच विचारते आणि आपला हिस्सा सोडून मोकळी होते. तिथं मांसाचा वास येत नाही, एवढंच.

बाई म्हणतात तसं हे सगळं निसर्गनियमांवर चालतं का? मला पटत नाही, आणि गंमत अशी की त्यांचीच कादंबरी ते पटू देत नाही. अंग गुलाबी होणं हा निसर्ग, पण गुलाबी झाली म्हणून त्याच्याच गळ्यात बांधा, हे कुणी ठरवलं? मांसानं वाढ होते हा निसर्ग, पण मोठा घास कुणाचा, ते जावई ठरवतो. जहागिरीतली दुबळी पिलं जमीनदार खाऊन टाकतो आणि वर म्हणतो, वंश सुधारतोय! नोकरांचे पंख तर चक्क बांधून ठेवतात. हे पटकन वाचून पुढे जाता येतं, मी तिथं थांबलो. निसर्गाला दोऱ्या कशाला लागतील हो? जन्मानंच ते खालचे असते, तर मोकळ्या पंखांनीही खालीच राहिले असते.

हॅनर ही धाकटी बहीण या दोऱ्यांचा विचार करू लागते. ती मला नायिकेपेक्षा आवडली. पण ट्रॉलपचा साचा घेतल्यावर लग्नं लावावीच लागतात, आणि लग्नघरात पंखांचा विषय कोण काढणार? तिच्या वाट्याला पानं कमी आलीत, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार सेबेथची. ही शहरात कारकुनी करणारी. नराला नख्या आणि मादीला हात असतात, त्यामुळे लेखणी हिच्या हातात शोभते. रंगानं गुलाबी, लग्नाचा पत्ता नाही, आणि तरी ताठ मानेनं धाकट्या ॲव्हनबरोबर राहते. इतक्या सगळ्या दिमाखदार मंडळींत ही एकटी स्वतःच्या कमाईचं खाते. मी खूष होतो. आणि शेवटी काय निघावं? तर ही म्हणे एका बड्या उमरावाची दुरावलेली मुलगी! हिंदी सिनेमात जत्रेत हरवलेली भावंडं सापडतात तशी! अहो, एवढ्या पानांत एक कारकून शेवटपर्यंत कारकून राहिली असती, तर बिघडलं काय असतं?