कंपाइल झालं, पण नोंद कुठाय?

परीक्षण म्हटलं की पुस्तकाचं किंवा सिनेमाचं, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर वापरात असलेल्या साधनाचं परीक्षण करायची सवय आत्तापासून लावून घ्या. आज मी एका फर्मवेअरचं परीक्षण करतोय. त्यात माझ्या स्वतःच्या चुकीचाही हिशोब आहे.

फर्मवेअरचं नाव डब्ल्यूएलईडी. गणपतीच्या मखरात रंग बदलत पळणाऱ्या एलईडी पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या डब्ल्यूएस2812बी जातीच्या पट्ट्या ईएसपी8266 किंवा ईएसपी32 या स्वस्त बोर्डांवरून वायफायने चालवायच्या, हे त्याचं काम. ख्रिस्तियन श्विने यांनी 2016 मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आज जगभरातले हौशी लोक वापरतात. तयार फाइल उतरवून बोर्डावर चढवली की दहा मिनिटांत दिवे लागतात. पण एखादा सेन्सर जोडायचा असेल, स्वतःचा कोड घालायचा असेल, तर फर्मवेअर स्वतः कंपाइल करावं लागतं. तुमचा संबंध येणार तो इथेच.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. बांधणी प्लॅटफॉर्मआयओ या साधनातून होते आणि सगळा नकाशा platformio.ini या एका फाइलमध्ये असतो: कोणता बोर्ड, कोणती लायब्ररी, तिची नेमकी कोणती आवृत्ती. 'जी नवी असेल ती घ्या' असा मोघमपणा सहसा नाही. ब्राउझरमध्ये दिसणारी पानं नोड.जेएस वापरून आधी सी++ च्या फाइलींमध्ये बदलली जातात, आणि त्या साधनांच्या आवृत्त्याही बांधून ठेवलेल्या आहेत. कितीतरी प्रबंधांच्या परिशिष्टात एवढी शिस्त नसते.

आता दोष. तुमचे स्वतःचे बदल मूळ फाइलमध्ये करू नका, platformio_override.ini नावाची वेगळी फाइल करा, अशी इथली पद्धत आहे. पद्धत रास्त आहे, मूळ प्रकल्प अद्ययावत केला तरी तुमचे बदल पुसले जात नाहीत. पण ही फाइल गिटने दुर्लक्षित करायच्या यादीत आहे. my_config.h चंही तेच. म्हणजे बघा, जे सगळ्यांचं सारखं आहे त्याची नोंद काटेकोर, आणि तुमचं बिल्ड ज्यामुळे तुमचं ठरतं त्याची नोंद आपोआप होतच नाही. वायफायचा पासवर्ड चुकून जगजाहीर होऊ नये म्हणून हे सोयीचं आहे, मान्य. हौशी माणसाला त्याने काही फरक पडत नाही. संशोधकाला पडतो.

माझंच झालं. पट्टीतून किती करंट जातो हे मोजायला मी एक सेन्सर जोडला, त्यासाठी छोटा यूझरमॉड लिहिला, आणि भिवंडीतल्या घरी तीन आठवडे रोज रात्री वाचनं घेतली. किती नमुन्यांची सरासरी घ्यायची हा आकडा मी बिल्ड फ्लॅगमधून दिला होता, म्हणजे त्याच ओव्हरराइड फाइलमधून. कोड नियमाने गिटवर चढवत होतो, त्यामुळे निर्धास्त होतो. मग लॅपटॉपची डिस्क गेली. नव्या मशीनवर कोड उतरवला, कंपाइल केला, एकही एरर नाही. हिरव्या अक्षरांत 'सक्सेस'. पुढची वाचनं मात्र आधीच्या वाचनांशी जुळेनात. फ्लॅग नव्हता, म्हणून कोडमधला मूळ आकडा लागला होता. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "आधीचा आकडा किती होता?" मला आठवेना. तीन आठवड्यांची वाचनं बाजूला ठेवावी लागली.

एरर आली असती तर बरं झालं असतं. बिल्ड न अडखळता पार पडलं, त्यामुळे मला शंकाच आली नाही.

आमच्या भिवंडीत यंत्रमागावर कापड विणून घेणारा माणूस नुसता तागा दाखवून 'असंच हवं' म्हणत नाही. रीड किती, पिक किती, सुताचा काउंट किती, पन्हा किती, हे लिहून देतो. तेवढं असलं की गावातल्या कुठल्याही मागावर तेच कापड निघतं. कंपाइल झालेली .bin फाइल म्हणजे तागा. त्यावरून धागे मोजता येतीलही, पण तो उलटा आणि किचकट उद्योग आहे. ओव्हरराइड फाइल म्हणजे ती लिहून दिलेली चिठ्ठी, आणि मी नेमकी तीच हरवली.

दुसरा दोष वापरणाऱ्याला गोंधळात टाकणारा आहे. पट्टीत किती एलईडी, कुठली पिन, असे आकडे फ्लॅगमधून देता येतात. पण ते केवळ सुरुवातीचे आकडे असतात. बोर्ड एकदा चालू होऊन सेटिंग्ज जतन झाल्या की त्या cfg.json मध्ये बसतात, आणि नवं फर्मवेअर चढवलं तरी तिथेच राहतात. तुम्ही आकडा बदलता, पुन्हा कंपाइल करता, चढवता, आणि काहीच बदलत नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर, बदल केला असं तुम्ही वहीत लिहिता, पण प्रयोगावर तो लागूच झालेला नसतो.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. डब्ल्यूएलईडी माहितीच्या पानावर करंटचा आकडा दाखवतं. तो मोजलेला नसतो. प्रत्येक पिक्सेलच्या रंगावरून, एका एलईडीला पूर्ण पांढऱ्यात साधारण 55 मिलिअँपिअर धरून काढलेला तो अंदाज आहे. 300 एलईडींना या हिशोबाने साडेसोळा अँपिअर लागतील. मूळ मर्यादा मात्र 850 मिलिअँपिअरची, म्हणून फर्मवेअर स्वतःच उजेड कमी करतं. वीजपुरवठा जळू नये यासाठी हा अंदाज उत्तम आहे. पण लांब पट्टीच्या टोकाला व्होल्टेज पडतं, पांढरा रंग पिवळट होतो, ते त्याला कळत नाही. प्रकल्प स्वतः त्याला अंदाजच म्हणतो. तुमच्या तक्त्यात तो 'मोजलेला करंट' झाला, तर चूक तुमची.

शेवटी परवाना. आधी एमआयटी होता, आता ईयूपीएल 1.2 आहे. म्हणजे बदललेलं फर्मवेअर घातलेला बोर्ड तुम्ही दुसऱ्याला दिला, तर त्याचा स्रोतही देता आला पाहिजे. आपल्याच बिल्डचा हिशोब आपल्याकडे नसेल तर ही अट पाळणार कशी?

मग वापरावं की नाही? जरूर वापरा, मी अजूनही वापरतो. फक्त चार गोष्टी करा. ओव्हरराइड फाइलमधून पासवर्ड काढा आणि ती 'git add -f' करून जबरदस्तीने नोंदवा. प्रत्येक .bin सोबत कमिटचा क्रमांक वहीत लिहा. प्रयोगाच्या दिवशीची cfg.json उतरवून वाचनांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि पहिलं वाचन घेण्याआधी दुसऱ्या मशीनवर, शक्यतो मित्राच्या, सगळं शून्यातून कंपाइल करून बघा. तिथे वाचनं जुळली तरच पुढे जा.

या शेवटच्या कामाला एक संध्याकाळ लागते. मी ती वाचवली होती.