आंकड्यांचे पाठभेद : क्रिकेटच्या जुन्या नोंदींची चिकित्सा

पोथींत आढळणारें सारेंच मूळ ग्रंथकाराचें नसतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. नकलकारानें गाळलेली ओळ, समासांतील टीप पुढील नकलेंत संहितेंत शिरणें, पुष्पिकेचें पान गेल्यामुळें काळाचा पत्ता न लागणें, हे आपले नित्याचे अनुभव आहेत. परंतु संख्या समोर आली कीं ही सावधगिरी आपणांस सोडून जाते. छापलेला आंकडा निर्विवाद, अशी समजूत विद्वानांतही रूढ आहे. ती किती कच्ची आहे हें पाहण्यासाठीं मीं मुद्दाम एक हलका समजला जाणारा विषय घेतला आहे. तो म्हणजे क्रिकेटच्या विक्रमांचीं कोष्टकें.

या विषयाकडे माझें लक्ष वळण्यास कारण घरचेंच. नोव्हेंबर 2013 मध्यें आमच्या विरारच्या पृथ्वी शॉ या मुलानें मुंबईच्या हॅरिस ढाल स्पर्धेंत एका डावांत 546 धांवा केल्या. पुढें जानेवारी 2016 मध्यें कल्याणच्या प्रणव धनावडे यानें शालेय सामन्यांत नाबाद 1009 धांवा करून 1899 सालची इंग्लंडांतील कॉलिन्स या विद्यार्थ्याची नाबाद 628 ही संख्या मागें टाकली. एकशें सोळा वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानलेल्या या 628 विषयीं त्या सामन्याच्या एका गुणलेखकानेंच ‘वीसेक धांवा इकडे किंवा तिकडे’ अशा अर्थाचे उद्गार काढले होते, असें सांगतात. उद्गार खरे धरले तर मूळ प्रतींतच संशय आहे. कोष्टकांत मात्र त्याचा मागमूस नाहीं.

याचें मला नवल वाटलें नाहीं, कारण तें पाप मींही केलें आहे. तरुण शिक्षक असतांना एका शालेय सामन्यांत धांवांची वही मजकडे होती. सायंकाळीं प्रतिपक्षाच्या वहीशीं ती ताडून पाहतां चार धांवांचा फरक निघाला. आम्हां दोघां गुणलेखकांनीं क्षणभर एकमेकांकडे पाहिलें आणि त्या चार धांवा ‘अवांतर’ या सदरांत घालून बेरीज जुळविली. तेव्हांपासून कोणत्याही जुन्या धांवफलकांत अवांतर धांवांची संख्या मोठी दिसली कीं मला तेथें प्रक्षेपाची शंका येते.

तथापि लेखनदोष हा पाठभेदांतील सर्वांत किरकोळ प्रकार होय. आंकडा अचूक असूनही अर्थ लपवितो, तो प्रकार अधिक विचारणीय आहे.

पहिलें उदाहरण भाऊसाहेब निंबाळकर यांचें. डिसेंबर 1948 मध्यें पुणें येथें रणजी करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनीं नाबाद 443 धांवा केल्या. संघाची धांवसंख्या 4 बाद 826 होती. भांडारकर यांच्यासह दुसऱ्या जोडीनें 455 धांवांची भर घातली होती. ब्रॅडमनचा 1930 सालचा नाबाद 452 धांवांचा उच्चांक ओलांडण्यास दहाच धांवा हव्या होत्या. इतक्यांत मध्यंतर झालें, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें नाकारून सामना सोडला. आतां ‘नाबाद’ हा शब्द पाहा. डाव घोषित झाला, विजय मिळाला किंवा साथीदार उरला नाहीं, म्हणजे फलंदाज नाबाद राहतो. येथें यांपैकीं कांहींच घडलें नाहीं. प्रतिपक्षच मैदानावरून निघून गेला. ही पूर्ण झालेली पोथी नसून शेवटचें पान फाडलेली पोथी आहे. पण कोष्टकांत दोहोंस एकच चिन्ह. त्याच हिवाळ्यांत वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानांत कसोटी सामने खेळत होता. निंबाळकरांस त्या वर्षीं किंवा पुढें कधींही कसोटींत स्थान मिळालें नाहीं. 2012 सालीं ते वारले. कसोटी न खेळलेल्या खेळाडूची सर्वांत मोठी खेळी, अशी या 443 ची आज ओळख आहे. ती स्तुति आहे कीं निवड करणाऱ्यांवरील टीका, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरें उदाहरण विजय हजारे यांचें. 1943 च्या डिसेंबरांत मुंबईस ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदु संघानें 5 बाद 581 वर डाव घोषित केला. ‘शेष’ संघाचा पहिला डाव 133 धांवांत आटोपला. दुसऱ्यांत 387 झाल्या. त्यांपैकीं 309 एकट्या हजारे यांच्या, म्हणजे शेंकडा 79.84. शेष संघ तरीही एक डाव व 61 धांवांनीं हरला. सहाव्या जोडीच्या कोष्टकांत त्याच डावांतील 300 धांवांची भागी आढळते आणि तींत विजय व विवेक या दोघां बंधूंचीं नांवें समान मानानें येतात. विवेक यांच्या धांवा अवघ्या 21. कोणी म्हणेल, या 21 धांवांस भागी कसली म्हणावयाची? माझें मत उलट आहे. दुसऱ्या टोकास कोणीतरी टिकल्यावांचून पहिल्याचें कर्तृत्व घडत नाहीं. टिकून राहणें मोजण्याचें सदरच वहींत नसतें, एवढेंच.

आणखी एक गोष्ट. सांगलीचे हजारे ख्रिस्ती. हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन यांपैकीं कोणांतच न बसणाऱ्यांसाठीं 1937 सालीं शेष संघ निघाला. ख्रिस्ती शेजाऱ्यांत हयात गेलेल्या आम्हां वसईकरांस हा शब्द खटकतो. माणसांची वांटणी करून उरलेल्या बाकीस जें नांव द्यावें, तें येथें माणसांसच दिलें होतें. पंचरंगी सामने 1946 सालीं बंद पडले; कोष्टकांतून मात्र शेष संघ अद्याप गेलेला नाहीं.

तिसरें उदाहरण सर्वांत महत्त्वाचें. पाळवणकर बाळू यांनीं 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत किती बळी घेतले? एका ठिकाणीं 114, सरासरी 18.84, दुसऱ्या ठिकाणीं 75, सरासरी 20.12. दोन्ही पाठ शुद्ध आहेत. पहिल्यांत दौऱ्यांतील सारे सामने धरले आहेत, दुसऱ्यांत केवळ प्रथम श्रेणीचे. आतां ही श्रेणी कोणीं ठरविली? तिची आंतरराष्ट्रीय व्याख्या 1947 सालीं झाली आणि तीही पूर्वलक्षी नव्हती. त्यापूर्वींच्या सामन्यांचें वर्गीकरण मागाहून आंकडेशास्त्र्यांनीं केलें. त्यांनीं मुंबईंतील युरोपियन व पारशी यांचे सामने 1892 च्या हंगामापासून गणले. हिंदु संघाचे 1906 च्या सुमारापासून. बाळूंचा जन्म 1876 चा. म्हणजे मोजदाद सुरू होण्याच्या वेळीं ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. पुण्यास गाजविलेलें ऐन तारुण्य हिशेबाबाहेर गेलें. उरलेल्या 33 सामन्यांत त्यांनीं 15.21 च्या सरासरीनें 179 बळी घेतले. हा ग्रंथाचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध संपादकांनीं प्रमाण मानला नाहीं.

बाळू चर्मकार समाजांतले. पुण्यास त्यांच्याच संघाचे गडी त्यांस चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या पात्रांत देत. त्यांनीं घेतलेला बळी वहींत चढला, पात्राची नोंद कोठेंच झाली नाहीं. संघाचें नेतृत्वही त्यांस लाभलें नाहीं. तें 1923 सालीं त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें. 179 ही संख्या वाचतांना हें ठाऊक नसेल, तर तिचा अर्थ आपणांस कळला असें म्हणतां येणार नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, आंकड्यानें केवळ मोजावें, इतिहास सांगणें हें त्याचें काम नव्हे. आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आंकड्यावर कथेचा भार नको. पण मोजणी कोठून सुरू केली, काय वगळलें आणि ती कशी थांबली, ही कथा नसून मोजणीचाच भाग आहे. पोथीचें वर्णन करतांना आपण पत्रसंख्येबरोबर ‘आद्यन्त खंडित’ असें नमूद करितों. कोष्टककारांनीं तेवढें तरी करावें.

आणि तें करावयाचें तर मूळ साधनें टिकलीं पाहिजेत. जुन्या शाळा व जिमखाने यांच्या कपाटांत धांवांच्या वह्या पडून आहेत. आमच्या या दमट किनाऱ्यावर वाळवीस त्या पोथ्यांइतक्याच प्रिय. त्यांत खाडाखोड असते, दोन हातांचीं अक्षरें असतात, क्वचित् समासांत पाऊस आल्याचा शेरा असतो. छापील कोष्टकांत यांतलें कांहींच उतरत नाहीं. संग्राहकांस माझी विनंति आहे कीं, दानपत्रें व बखरी शोधतांना अशी एखादी वही हातीं आली तर ती रद्दींत जाऊं देऊं नये. मूळ वही मिळत नसेल तर निदान खाडाखोडीसह नक्कल उतरून घ्यावी, आणि बेरीज जुळत नसेल तर ती जुळवूं नये.