चेहरा दिसला, नाव राहिले

'नॅशनल जिऑग्राफिक'च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरील हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जगभर पोचली; मात्र शरबत गुला हे तिचे नाव जगास कळण्यास २००२ साल उजाडावे लागले. पाश्चात्त्य माध्यमांच्या मुस्लिम स्त्रीविषयक दृष्टीचे मर्म आम्हांस या १७ वर्षांत दिसते. तेथे स्त्री दिसते, बोलत नाही. आणि जी बोलत नाही, तिच्या वतीने कोणीही बोलू शकतो. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी नभोवाणीवरून दहशतवादाविरुद्धच्या लढ्यास स्त्रियांच्या हक्कांचाही लढा म्हटले. बुरख्याचे चित्र युद्धाचे समर्थन ठरले. ऑगस्ट २०२१ मध्ये ते सैन्य परतले, तालिबान सत्तेवर आले आणि मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या.

अमरगोळला बसून परक्यांस दोष देणे सोपे आहे. पण २०२२ साली आमच्याच कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला, तेव्हा महाविद्यालयाच्या दाराशी अडलेल्या मुलींच्या डोक्यावरील वस्त्राची चर्चा झाली. त्यांच्या बुडालेल्या तासांची कितीशी झाली? त्या वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मतभेदाने दुभंगला. त्यात मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न न्या. सुधांशू धुलिया यांनी अग्रभागी ठेवला.

मराठी स्मृती तरी निराळी आहे काय? १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी तोंडी तलाकाविरुद्ध विधानभवनावर मोर्चा नेला. मोर्चा संघटित करणारे हमीद दलवाई आपणांस आठवतात. त्या सात जणींची नावे विचारली, तर आपल्यापैकी बहुतेकांस गप्प बसावे लागेल.