मनाचा ताबा

परकीय सत्ता भूमी बळाने घेते. मन मात्र सुशिक्षितच तिच्या स्वाधीन करतात. हैतीवर १९१५ ते १९३४ अमेरिकेचा लष्करी अंमल होता. त्या काळात झां प्राइस-मार्स यांनी ‘एंसी पार्ला लोंक्ल’ (१९२८) या ग्रंथात फ्रेंचांच्या अनुकरणात रमलेल्या आपल्या वर्गाला शेतकऱ्यांच्या लोककथांकडे वळविले. त्यापूर्वीच, १९०४ मध्ये, मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांनी कलकत्त्यात ‘देशेर कथा’ या बंगाली ग्रंथातून याच मानसिक पराभवाचे निदान केले होते. त्यांचे साधन निराळे : लोककथा नव्हे, तर लुटीचा हिशेब. १९१० मध्ये सरकारने ग्रंथावर बंदी घातली. कोरडे आकडे सामान्य वाचकाच्या मनाला भिडविणारे हे गद्य वाङ्मयच होय; आणि केवळ ते बंगालीत आहे म्हणून मराठी टीकेने त्याला परके मानू नये.