न बदललेली फाइल बदललेली का दिसते?

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, की सोर्समध्ये तीन ओळी बदलल्या तरी पॅचमध्ये सगळ्या डीएलएल का येतात? हे मी स्वतः भोगलंय. एका कंपनीत असताना आमचा पॅच जवळजवळ मूळ इन्स्टॉलरएवढाच झाला. ग्राहकाने विचारलं, "यात नेमकं बदललंय काय?" आम्हाला सांगता येईना. पॅच मोठा झाला याच्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

दोष पॅच बनवणाऱ्या साधनाचा नाही. ते बाइट बघतं, तुमचा हेतू त्याला कुठून कळणार? विंडोजच्या एक्झी किंवा डीएलएलच्या हेडरमध्ये चार बाइटचा टाइमस्टॅम्प असतो, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. डॉटनेटमध्ये शिवाय एमव्हीआयडी नावाचा १६ बाइटचा ओळखक्रमांक, जुन्या पद्धतीत दर कंपाइलला नवाकोरा. तोच सोर्स, पाच मिनिटांनी पुन्हा कंपाइल केला की फाइल वेगळी.

आणि असेंब्लीच्या आवृत्तीत '१.०.*' लिहायची ती सोय! त्या तारकेच्या जागी १ जानेवारी २००० पासूनचे दिवस आणि मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांची निम्मी संख्या येते. म्हणजे आवृत्ती म्हणायची आणि घड्याळ छापायचं. ही सोय ज्यांनी दिली त्यांना पॅच कधी काढावा लागला नसावा, असं मला वाटतं.

यावर लोक काय करतात? विक्ससारख्या साधनात पॅच फॅमिली लिहून हाताने ठरवतात, की अमुक फाइल घ्यायची, अमुक नाही. मला हे धोक्याचं वाटतं. खरंच बदललेली एखादी फाइल यादीतून सुटली, तर ग्राहकाकडे नवी एक्झी आणि जुनी डीएलएल एकत्र नांदायला लागतात. मग रात्री फोन कुणाला येतो, सांगा!

खरा इलाज कंपायलरमध्येच आहे. सी-शार्पच्या रोझलिन कंपायलरला 'डिटर्मिनिस्टिक' पर्याय आहे. त्यात टाइमस्टॅम्प आणि एमव्हीआयडी दोन्ही मजकुरावरूनच काढले जातात. तारका मात्र सोडावी लागते, दोन्ही एकत्र ठेवले तर कंपायलर चूक दाखवतो. डेबियनची मंडळी २०१३ पासून याच मागे लागली आहेत, त्यांचा मुद्दा विश्वासाचा: हाती आलेली फाइल याच सोर्सची आहे, हे कुणालाही तपासता यावं.

पण पर्याय चालू केला म्हणजे झालं, असं नाही हं. कंपायलर तोच हवा. फोल्डरचा पत्ता बदलला तरी बाइट बदलू शकतात, त्यासाठी 'पाथमॅप' वापरा. डिजिटल सहीत वेळेचा शिक्का असतो, म्हणून तुलना सहीआधीच्या फायलींची करा. आणि बिल्ड सर्व्हर दर रात्री सगळ्या फायलींवर नवा बिल्ड नंबर उमटवत असेल, तर हे सगळं पाण्यात. आमच्याकडे तेच होत होतं, आणि तो नंबर कुणीच वाचत नव्हतं.