‘व्यंजना’ या संज्ञेचे उपयोजन : नामदेवकथांतील दोन प्रसंग

मराठी समीक्षेत व अध्यापनात ‘व्यंजना’ ही संज्ञा पुष्कळदा ‘आडवळणाने सुचविणे’ एवढ्याच अर्थाने योजली जाते. त्यामुळे लक्षणा व व्यंजना यांतील भेद पुसट होतो. संत नामदेवांच्या चरित्रपरंपरेतील दोन कथांच्या आधारे हा भेद तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिली कथा संत गोरोबांची. संतमेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून त्यांनी पारख केली व नामदेव हे मडके कच्चे ठरविले. माणूस मडके नव्हे. म्हणून मुख्यार्थाला बाध येतो आणि साधर्म्याने ‘अपरिपक्व’ हा लक्ष्यार्थ लाभतो. येथे शब्दशक्ती लक्षणा होय. गुरूवाचून भक्ती अपुरी, हे तिचे प्रयोजन मात्र व्यंजनेनेच कळते.

दुसरी कथा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाशी जोडलेली. नरसीचे मानले जाणारे नामदेव गुरूच्या शोधात तेथे आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी हटकताच, जेथे पिंडी नसेल तेथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले. या वाक्यात मुख्यार्थबाध नाही. ही आज्ञा शब्दशः पाळता येते. नामदेव ती पाळू लागतात आणि पाय ठेवावेत तेथे पिंडी प्रकटते. वाच्यार्थ टिकून राहतो व त्यातूनच ईश्वराचे सर्वव्यापकत्व व्यंजित होते. आनंदवर्धनांनी नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त केलेला अविवक्षितवाच्य व विवक्षितान्यपरवाच्य ध्वनी हा भेद या दोन कथांना अनुक्रमे लागू पडतो.

व्यंग्यार्थ केवळ शब्दांत नसतो. मम्मटांनी ‘काव्यप्रकाशा’त वक्ता, बोद्धव्य, काकू, प्रस्ताव, देश, काल इत्यादींचे वैशिष्ट्य आर्थी व्यंजनेस कारण मानले आहे. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीत बोद्धव्याचे हेच महत्त्व दिसते. विसोबांचे उत्तर एखाद्या त्रयस्थ भाविकाने ऐकले असते, तर त्याला त्यात केवळ उर्मटपणा दिसला असता. ‘कच्चे मडके’ हा शेरा जिव्हारी लागलेल्या नामदेवांना तोच उपदेश ठरला.

सारांश, ‘ईश्वर सर्वत्र आहे, हे येथे सूचित होते’ एवढे विद्यार्थ्याने लिहिले म्हणजे व्यंजनेचे विवेचन पूर्ण होत नाही. वाच्यार्थ टिकतो की बाधित होतो, आणि ऐकणारा कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे दिल्यावरच ही संज्ञा वापरणे उचित ठरेल.